हवा असून श्वास कोंडतो तेव्हा



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'प्रथिनांमधील इलेक्ट्रॉनांची देवघेव' असे सांगितले. मंडळी जरा दचकलीच. हमाल-मापाड्यांची संघटना चालवणाऱ्या माणसाने वाराईवर बोलावे, पोत्याच्या वजनावर बोलावे, फार तर १९६९ च्या माथाडी कायद्यावर बोलावे. इलेक्ट्रॉनांशी त्याचा संबंध काय, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. संबंध आहे, आणि तो सांगण्यासाठीच आम्ही उभे आहोत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे जे काही झाले ते जळगावच्या व. वा. वाचनालयात आणि धुळ्याच्या गरुड वाचनालयात, पुस्तके उघडून आणि पुष्कळदा न समजता मिटून झाले. तेव्हा विद्वानांनी आमच्याकडून नवे काही ऐकण्याची अपेक्षा ठेवू नये. जे आम्हांला एका गरजेपोटी शिकावे लागले, ते आम्ही साध्या भाषेत सांगणार आहोत.

ती गरज अशी. काही वर्षांपूर्वी खानदेशातल्या एका धान्याच्या गुदामात आमची पाच जणांची टोळी थप्पी उतरवायला गेली. धान्याला कीड लागू नये म्हणून थप्पीवर ताडपत्री टाकून आत गॅसच्या गोळ्या ठेवलेल्या होत्या. ताडपत्री त्याच सकाळी काढली होती. गोळ्या कधी ठेवल्या, किती ठेवल्या, याची नोंद कोठेच नव्हती. दार सताड उघडे होते. तासाभरात दोघांना मळमळू लागले, छाती आवळल्यासारखी झाली. त्यांपैकी मागच्या कोपऱ्यात काम करणारा जो खाली बसला तो पुन्हा उठला नाही. दुसरा चार दिवस दवाखान्यात काढून वाचला. चौकशी झाली तेव्हा मालकाच्या बाजूने एकच मुद्दा पुन्हा पुन्हा मांडण्यात आला: दार उघडे, गुदाम मोठे, हवा भरपूर, मग माणूस गुदमरला कसा? त्याचे हृदयच मुळात कमजोर असले पाहिजे.

आमच्याजवळ उत्तर नव्हते. वाचलेल्या गड्याला विचारले, तर तो अहिराणीत एवढेच म्हणाला, "हवा त व्हती भाऊ, पन आंगले लागनी नही." हवा होती, पण अंगाला लागली नाही. त्या वेळी आम्हांला ते आजारी माणसाचे बोलणे वाटले. त्या वाक्यात शास्त्राच्या दृष्टीने एक अक्षरही चुकीचे नाही, हे कळायला आम्हांला दोन वर्षे लागली.

आता हवा अंगाला लागते म्हणजे काय होते ते पाहू. श्वास छातीत गेला की आपले काम संपले, असे आपण समजतो. वास्तविक तेथे काम सुरू होते. फुप्फुसातून प्राणवायू रक्तात जातो, रक्त त्याला प्रत्येक पेशीच्या दारापर्यंत नेऊन सोडते, आणि पेशीच्या आत सूत्रकणिका नावाच्या अतिशय लहान कोठड्या असतात तेथे त्याचा खरा उपयोग होतो. आपण खाल्लेल्या भाकरीतून पेशी पायरीपायरीने इलेक्ट्रॉन काढून घेते. हे इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे हातोहात जातात आणि रांगेच्या शेवटी प्राणवायूच्या स्वाधीन होतात. चार इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजनचे चार कण मिळाले की प्राणवायूच्या एका रेणूपासून पाण्याचे दोन रेणू बनतात. ट्रकमधून गुदामापर्यंत हमालांची रांग लावून पोती हातोहात जातात, तसाच हा प्रकार आहे. प्राणवायू म्हणजे रांगेच्या टोकाला माल उतरवून घेणारा. त्याने माल घेतला तरच रांग चालते.

ही देवघेव केवढी मोठी आहे, याचा हिशेब आम्ही स्वतः करून पाहिला. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सुमारे पाव लिटर प्राणवायू वापरतो. त्याच्या प्रत्येक रेणूमागे चार इलेक्ट्रॉन धरले, तर अंगातल्या सगळ्या पेशींत मिळून सुमारे ६५ अँपिअर प्रवाहाइतके इलेक्ट्रॉन प्रत्येक क्षणी प्राणवायूकडे जात असतात. आपल्या घरच्या मीटरमधून एवढा प्रवाह सहसा जात नाही. विजेचा दाब मात्र रांगेच्या पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत १.१४ व्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या सेलहूनही कमी. दोहोंचा गुणाकार केला की सुमारे ७५ वॅट येतात. माणूस बसल्या जागी जेवढी शक्ती खर्च करतो, तेवढीच ही जवळजवळ आहे. पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन फळी चढणाऱ्या हमालाच्या अंगात हाच प्रवाह कित्येक पटींनी वाढतो. गुदामात दारापाशी उभा असलेला मुनीम आणि आत पोती उचलणारा हमाल यांना एकाच हवेचा सारखाच त्रास होत नाही, त्याचे एक कारण येथे आहे. काम करणारा जास्त हवा ओढतो, म्हणून हवेतले विषही जास्त ओढतो.

ही रांग माणसाला प्रथम दिसली ती डोळ्यांनी, हे वाचून आम्हांला मोठे नवल वाटले. १८८४ च्या सुमारास इंग्लंडमधल्या मॅकमन नावाच्या डॉक्टराने प्राण्यांच्या स्नायूंतून आलेला प्रकाश वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रातून पाहिला, तेव्हा त्याला रंगांच्या पट्ट्यात काही काळ्या रेषा दिसल्या. मोठ्या शास्त्रज्ञांनी तो रक्ताचाच अंश ठरवला आणि मॅकमनचे काम बाजूला पडले. १९२५ मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड केलिन यांना त्याच रेषा पुन्हा दिसल्या. केलिन खरे तर परोपजीवी किड्यांचे अभ्यासक. घोड्याच्या जठरात वाढणाऱ्या माशीच्या अळीवर त्यांचे काम चालले होते. त्यांनी मधमाश्यांच्या पोळ्यातले मेण खाणारा जिवंत पतंग यंत्राखाली धरला. पतंग पंख फडफडवून धडपडू लागला की रेषा गडद होत, तो स्वस्थ बसला की पुसट होत. दुकानात मिळणाऱ्या यीस्टमध्येही तेच. यीस्ट हवेत घुसळले की रेषा नाहीशा, नुसते ठेवले की परत हजर. केलिन यांनी ओळखले की ज्या रंगद्रव्याच्या या रेषा आहेत ते इलेक्ट्रॉन घेते तेव्हा त्याचा रंग एक असतो आणि देते तेव्हा दुसरा. त्यांनी त्याला सायटोक्रोम, म्हणजे पेशीचा रंग, असे नाव दिले. अशी सायटोक्रोमे एकाहून अधिक आहेत, आणि ती रांगेने काम करतात.

या सायटोक्रोमात आहे तरी काय? मध्यभागी लोहाचा एक अणू. त्याच्याभोवती हीम नावाची सपाट चौकट, आणि तिला लपेटून बसलेले प्रथिन. रक्तातही हीम असते, परंतु तेथले लोह प्राणवायूला नुसते वाहून नेते. सायटोक्रोमातले लोह एक इलेक्ट्रॉन घेते आणि सोडते, पुन्हा घेते आणि सोडते. माणसाचे सायटोक्रोम सी हे प्रथिन १०४ घटकांच्या एकाच माळेचे बनले आहे आणि त्याची रुंदी सुमारे तीन नॅनोमीटर आहे. मिलीमीटरचे दहा लाख भाग करावेत, त्यांतला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. एवढ्या लहान गाठोड्यात लोह जवळजवळ पुरते झाकलेले असते. हीमची फक्त एक कड बाहेर डोकावते. त्या कडेभोवती धन विद्युतभार पसरलेला असतो, आणि ज्या प्रथिनांशी त्याला देवघेव करायची असते त्यांच्या अंगावर नेमक्या जागी ऋण भार असतो. म्हणून ती दोन प्रथिने योग्य बाजूने एकमेकांना भिडतात. परंतु ही पकड फार घट्टही नसते. आमच्या धंद्यात पोत्यातून सुटत नसलेला हूक जसा कुचकामाचा, तसा चिकटून बसणारा जोडीदार रांगेत कुचकामाचा. भिडणे, देणे आणि सुटणे, तिन्ही वेळेवर झाले पाहिजे.

पण दोन प्रथिने भिडली तरी लोहापासून लोहापर्यंत अंतर राहतेच, आणि मध्ये तार नाही. मग इलेक्ट्रॉन जातो कसा? या प्रश्नाने शास्त्रज्ञांना पुष्कळ वर्षे छळले. १९६६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डी व्हॉल्ट आणि ब्रिटन चान्स यांनी एका जिवाणूच्या सायटोक्रोमावर लेसरचा झोत टाकून इलेक्ट्रॉनाचा वेग मोजला. उष्णता कमी करीत गेले तसा वेग मंदावत गेला, हे अपेक्षितच होते. परंतु शून्याखाली सुमारे १७० अंश सेल्सिअसच्याही खाली गेल्यावर वेग आणखी कमी होईना. तेथे सारे गोठलेले, भिंत ओलांडण्याची ताकद कोणात नाही, तरीही इलेक्ट्रॉन पलीकडे जातच होता. म्हणजे तो भिंतीवरून न जाता भिंतीतून जात होता. अणूंच्या जगात हे घडते. त्याला बोगद्यातून जाणे असे म्हणतात. पण या बोगद्याला मर्यादा आहे. अंतर ०.१७ नॅनोमीटरने वाढले की वेग सुमारे दहापट घटतो, आणि १.४ नॅनोमीटरच्या पलीकडे ही उडी जीवनाच्या कामी येईल इतकी जलद राहत नाही. म्हणून निसर्गाने रांगेत लोहाचे आणि तांब्याचे मुक्काम या मर्यादेच्या आत बसवले आहेत. एक हमाल गैरहजर राहिला तर पोते दोन माणसांचे अंतर उडून जात नाही, तेथेच अडते.

दुसरी अट रुडॉल्फ मार्कस यांनी १९५६ पासून मांडली आणि तिच्यासाठी त्यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ती आम्हांला आमच्या कामातूनच समजली. एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर पोते द्यायचे असेल तर दोघांनी खांदे क्षणभर एका उंचीवर आणावे लागतात. एक उभा आणि एक वाकलेला असेल तर पोते पडते नाहीतर कंबर मोडते. इलेक्ट्रॉन देणारा आणि घेणारा यांच्या आसपासचे अणूही असेच किंचित हलून एका पातळीवर यावे लागतात, तेव्हाच उडी होते. प्रथिनाचे आवरण लोहाला असे घट्ट सांभाळून ठेवते की ही हालचाल थोडक्यात भागावी. प्रथिनाचे खरे कसब हे आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? तर इलेक्ट्रॉन एकदम प्राणवायूला दिला असता तर सारी शक्ती उष्णता होऊन वाया गेली असती. तो पायरीपायरीने उतरतो आणि वाटेतली तीन मोठी प्रथिने त्या उताराचा उपयोग करून हायड्रोजनचे भारित कण पडद्यापलीकडे ढकलतात. दोन इलेक्ट्रॉनांमागे सुमारे दहा. ते कण परत येताना पाटाच्या पाण्याने चाक फिरावे तसे एक प्रथिन फिरते आणि पेशीचे चलन, म्हणजे एटीपी, तयार होते. पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ मध्ये मांडली तेव्हा फारसे कोणी मानीना. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

येथपर्यंतची कथा परदेशी नावांची झाली. पण तिच्यातला एक दुवा आपल्या मराठी घरातला आहे, आणि आमच्या गुदामाच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. दुर्गाबाई भागवतांचे नाव येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. त्यांची धाकटी बहीण कमला. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ मध्ये त्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या, तेव्हा संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना नाकारले. कमलाबाई हटल्या नाहीत. त्यांनी रामन यांच्याकडे धरणे धरल्यासारखा आग्रह चालवला आणि शेवटी एक वर्षाच्या परीक्षेवर त्यांना घेण्यात आले. त्या कसाला उतरल्या आणि रामन यांनी पुढे मुलींना प्रवेश देण्यास सुरुवात केली. धरणे धरणाऱ्याला कामावर घेऊन पाहावे, म्हणजे त्याची किंमत कळते, हे आम्ही मालकवर्गाला नेहमी सांगत आलो आहो.

१९३७ मध्ये कमलाबाई केंब्रिजला गेल्या आणि पुढे रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करू लागल्या. केलिन यांचे गाव तेच. बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या पेशींत त्यांनी हीच रांग शोधली, आणि सायटोक्रोम सी व त्याच्यापुढचे सायटोक्रोम ऑक्सिडेज वनस्पतींच्या श्वसनातही काम करतात हे दाखवून दिले. हिल आणि भागवत यांचे टिपण 'नेचर' या नियतकालिकात १९३९ मध्ये आले. त्याच वर्षी त्यांना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायन शिकवताना त्यांनी नीरा, डाळी आणि गरिबांच्या आहारावर संशोधन केले. १९९८ मध्ये त्या निवर्तल्या.

या शोधाचे महत्त्व काय? ओल्या ज्वारीच्या ढिगात हात घातला तर ऊब लागते. रावेर-सावद्याकडची केळी पिकायला लागली की खोली तापते. ही श्वासाची ऊब आहे. बटाटा, केळे, यीस्ट, पतंग, घोडा आणि माणूस, सर्वांच्या पेशीत रांग जवळजवळ एकच आहे. आणि म्हणूनच धान्यातल्या सोंड्याला जे विष मारते, ते धान्य उचलणाऱ्या माणसालाही मारते. कोरडे बी जवळजवळ निजलेले असते, श्वास नाममात्र घेते, म्हणून ते वाचते; किडा आणि हमाल जागे असतात.

आता रांगेच्या शेवटच्या हमालाकडे या. त्याचे नाव सायटोक्रोम ऑक्सिडेज. त्याच्याजवळ लोह आहे आणि तांबेही आहे. प्राणवायूचा रेणू तो लोह आणि तांबे यांच्या मध्ये धरतो आणि चारही इलेक्ट्रॉन मिळाल्यावाचून सोडत नाही, कारण अर्धवट भरलेला प्राणवायू पेशीला पोळतो. सायनाइड नेमके येथे, लोहावर, जाऊन बसते. जागा अडली की शेवटचा हमाल माल देऊ शकत नाही, त्याच्या मागचा त्याला देऊ शकत नाही, आणि सारी रांग भरल्या हातांनी उभी राहते. रक्त प्राणवायू घेऊन दारापाशी येते आणि तसेच परत जाते. सायनाइडने मरणाऱ्या माणसाचे नीलेतले रक्तदेखील म्हणूनच लालभडक दिसते.

धान्यातल्या गोळ्या असतात अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या गोळीतून सुमारे एक ग्रॅम. हा वायूही त्याच शेवटच्या प्रथिनाला अडवतो. त्याचा मारा एवढ्यावर थांबत नाही, हृदयाला तो विशेष जाचतो. आणि सायनाइडवर काही उतारे तरी आहेत, फॉस्फिनवर खास असा उतारा नाही. तेव्हा आमच्या गड्याचे शब्द पुन्हा आठवावेत. हवा होती. छातीत गेली, रक्तातही गेली. अंगाला लागली नाही, कारण ती घेणारा हात अडलेला होता. दार उघडे होते हे मालकाचे म्हणणे खरे होते, आणि माणूस गुदमरला हेही खरे होते.

हेच आम्ही तीन पानी निवेदनात, रांगेचे चित्र काढून, चौकशीपुढे मांडले. कमजोर हृदयाचा मुद्दा मग कोणी काढला नाही. भरपाई उशिरा मिळाली, आणि ती त्या घराला पुरण्यासारखी नव्हती.

या सभागृहात अडते आहेत, डाळमिलवाले आहेत, आणि मागच्या ओळीत आमचे हमाल बंधूही बसले आहेत. तिघांनाही आमचे सांगणे एकच आहे. ज्या थप्पीला गॅस दिला तिच्यावर तारीख, वेळ आणि गोळ्यांची संख्या लिहिलेली पाटी हवी. ताडपत्री सामान्यतः पाच ते सात दिवस राहते. ती काढल्यावर दारे-खिडक्या उघडून वायू निघून जाऊ द्यावा, आणि वायुमापक यंत्राने कोपरे तपासल्यावाचून टोळीला आत सोडू नये. अनेक ठिकाणी कामाच्या जागेसाठी मर्यादा धरली आहे ती हवेच्या दहा लाख भागांत ०.३ भाग, आणि काही तज्ज्ञ तर याहूनही कमी धरतात. एवढ्याचा वास नाकाला येईलच असे नाही. लसणासारखा किंवा कार्बाइडसारखा वास येत नाही म्हणून आत जाणे म्हणजे नाकाच्या भरवशावर जीव ठेवणे होय. एकट्याने आत जाऊ नये. कोणाला मळमळले, छाती आवळली, तर त्याला लगेच उघड्यावर आणून दवाखान्यात न्यावे आणि डॉक्टरांना गोळीचे नाव स्पष्ट सांगावे.

आणि गृहिणींनाही एक विनंती आहे. वर्षाचा गहू-ज्वारी भरताना या गोळ्या घरात, निजायच्या खोलीत, कोठीत ठेवू नका. धान्याला कडक ऊन दाखवा, कडुनिंबाचा पाला घाला, डबे कोरडे ठेवा. गुदामात जे थप्पीमागच्या कोपऱ्यात झाले, तेच बंद घरात पोराबाळांच्या उशाशी होऊ शकते.

आमच्या मागणीपत्रात यंदा वाराईच्या दरासोबत वायुमापक यंत्राचे कलम आहे. एका व्यापारी मित्राने विचारले, हे शास्त्राचे लफडे तुम्ही कोठून आणले? त्यांना आम्ही म्हटले, शेठजी, उद्या सकाळी आमच्या टोळीबरोबर गुदामात या आणि एक तास पोती मोजा; मग मागणी कोणाची ते ठरवू. ते आले. पाटी लावण्याचे त्यांनी त्याच दिवशी कबूल केले. यंत्राची वाट आम्ही अजून पाहत आहोत.